पौर्णिमेला संपणारा महिना

पुण्याहून मासिकाचा अंक आला तेव्हा मेधाने पाकीट फोडलं आणि दारात उभ्या उभ्याच तो लेख वाचून काढला. मराठीत अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे लेखक आणि त्यांची महत्त्वाची पुस्तकं, असा लेखाचा विषय होता. पाताळातल्या सात बहिणींवर चार खंड लिहिणाऱ्या नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. ज्यांच्या कादंबऱ्यांत डोंगर रातोरात जागा बदलतात असे सांगलीचे एक गुरांचे डॉक्टर होते. आणि शेवटी होता सिंगापूरचा अभय देवस्थळी, मेधाचा नवरा. 'क्षारनगर' आणि 'ओहोटीचे राजे' या त्याच्या दोन्ही पुस्तकांबद्दल समीक्षकाने हात राखून लिहिलं नव्हतं. एका वाक्याशी मेधा थांबली. 'इतरांच्या जगाला जमीन असते, या लेखकाच्या जगाला आकाशही आहे.'

ते आकाश मेधाचं होतं.

अभय हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत हिशेब बघायचा आणि उरलेल्या वेळात राजे, नावाडी आणि मिठाच्या भिंतींचं शहर रचायचा. त्याला चंद्राचं काही कळत नसे. कृष्ण पक्षात संध्याकाळी चंद्र उगवून ठेवायचा, अमावास्येला चांदण्यात माणसं फिरवायचा. मेधा भौतिकशास्त्राची. वजनकाटे आणि तापमापक खरे बोलतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. तिने त्याला महिने बांधून दिले, भरती-ओहोटी बांधून दिली. तो भाजी चिरता चिरता म्हणायचा, "मला समुद्र पार वाळूच्या दांड्यापर्यंत मागे गेलेला हवाय, आणि वर चंद्र नको." ती जरा वेळाने हिशेब करून यायची. "मिळेल. पण पहाटे." मग तो कुरकुरत राजाला पहाटे उठवायचा. त्यांच्या संसारात जे काही फक्त दोघांचं म्हणून होतं ते एवढंच होतं, आणि मेधाला ते पुरत होतं. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, त्याचं तिला कधी काही वाटलं नाही.

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी मात्र अभयने तिला एकदाही काही विचारलं नाही. जुन्या गणितावर भागत असेल, असं तिने धरून चाललं होतं. लेख आला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, त्याने छापलेल्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"बघ जरा. पहिला अर्धा भाग झालाय, पुण्याला पाठवायचाय."

"काही विचारलं नाहीस या वेळी."

"तुझं काम वाढलंय ना. म्हटलं उगाच त्रास नको." असं म्हणून तो पंख्याच्या बटणाशी काहीतरी करत बसला. पंखा चांगला चालू होता.

मेधा स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाचायला बसली. बाहेर बांबूवर वाळत घातलेल्या चादरीची सावली कागदावर हलत होती. सुरुवात तिला आवडली. या वेळी गोष्ट तारिणी नावाच्या एका नावाड्याच्या पोरीची होती. ती राजाला उलट बोलायची आणि वाचणाऱ्याला हसू यायचं. अभयच्या लिहिण्यात हसू कधी नसायचं. त्याचे राजे बोलायला लागले की दगडावर कोरल्यासारखं बोलत.

मग ते वाक्य आलं. 'महिन्याची शेवटची रात्र होती. पूर्ण चंद्राखाली तारिणीने नाव पाण्यात ढकलली.'

मेधाने पेन्सिलीने बारीक खूण केली. महिना अमावास्येला संपतो. पहिल्या दोन्ही पुस्तकांत तसाच संपला होता. हे तिने मुद्दाम ठरवलंही नव्हतं. तिच्या माहेरी, अभयच्या घरी, ओळखीतल्या प्रत्येकाच्या घरी महिना अमावास्येलाच संपायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा लागायचा. त्यात ठरवायचं काय? अभयची नेहमीची चूक, असं म्हणून ती पुढे गेली. पण पुढे 'महिन्याचा पहिला दिवस, चंद्राची एक कड नुकती झिजलेली' असं आलं. त्याही पुढे तेच. जिथे जिथे महिना संपला तिथे तिथे तो पौर्णिमेला संपला.

पेन्सिल खाली ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. माणूस चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. काट्याने दर वेळी एकाच बाजूला, तेवढंच चुकीचं वजन दाखवलं तर ती हाताची चूक नसते. तो काटाच वेगळा असतो.

आणि हा काटा कुठला ते तिला ठाऊक होतं. कॉलेजात असताना लखनौच्या एका मुलीशी तिचं जन्माष्टमीवरून चांगलंच वाजलं होतं. मेधा म्हणत होती श्रावण, ती म्हणत होती भाद्रपद, आणि दिवस तर एकच. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून वद्य पक्षाला त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव पडतं, हे तेव्हा कुणीतरी समजावलं होतं. पुण्यात वाढलेल्या अभयच्या डोक्यात हे येणं शक्य नव्हतं. त्याच्या पुस्तकात उत्तरेकडच्या कुणीतरी चंद्र टांगला होता.

पुढची पानं तिने वेगळ्याच नजरेने वाचली. 'ओली वेणी मानेला मागे ओढत होती, जणू कुणी पाठीमागून बोलावत होतं.' ओल्या वेणीला वजन असतं हे अभयला कसं कळलं? आणि मग दरबारात तुलाधारिणी आली. राज्यातलं प्रत्येक माप तपासणारी बाई. ती कुणाला ओरडत नाही, चूक म्हणत नाही, फक्त एक भुवई वर करते. ती कधीच चुकत नाही. ती आत आली की बोलणारे गप्प होतात आणि ती गेली की पुन्हा बोलू लागतात.

मेधाने तो परिच्छेद दोनदा वाचला. ही बाई कोण ते कळायला तिला आरशाची गरज नव्हती. आपल्याविषयी आपल्या नवऱ्याने कुणाजवळ तरी असं बोलावं, आणि त्या कुणीतरी हसून ते आणखी धारदार करून द्यावं, या कल्पनेसरशी तिने ते पान उलटं करून ठेवलं.

अभयच्या ऑफिसात गरिमा होती. लखनौची. तिचं नाव गेल्या वर्षभरात घरात बऱ्याचदा आलं होतं: गरिमाने डब्यातलं लोणचं दिलं, गरिमाला रिपोर्ट पटला नाही. शिवाय तिचा मुलगा आणि मेधाची मुलगी मधुवंती शनिवारी हिंदीच्या एकाच वर्गात होते. इथल्या शाळेत मातृभाषा हा विषय घ्यावाच लागतो, आणि मराठी काही त्यात मिळत नाही. म्हणून मराठी घरांतली पोरं शनिवारी सकाळी दुसऱ्या शाळेत जाऊन हिंदी शिकतात. मेधाला शनिवारी अर्धा दिवस काम असे, त्यामुळे मधुवंतीला सेरंगूनकडच्या त्या वर्गाला अभयच घेऊन जायचा. वर्ग दुपारच्या आत सुटायचा. दोघं बेडोकला घरी यायची ती उन्हं कलताना.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "वर्गापाशी गरिमा भेटते का रे?"

"असते की. सगळेच पालक कॅन्टीनमध्ये बसलेले असतात."

"तिला वाचनाची आवड आहे वाटतं."

"असेल. का गं?"

"काही नाही. वरण घे."

मधुवंतीने एकदा बापाकडे आणि एकदा आईकडे पाहिलं आणि ताटात मान घातली. पंधरा वर्षांची पोर. वर्षभरापूर्वीपर्यंत शाळेतून आली की सांगून सांगून डोकं उठवायची; आता एका शब्दाला दुसरा जोडत नव्हती. संध्याकाळी मेधा तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"शनिवारी वर्ग सुटल्यावर एवढा वेळ कुठे असता गं?"

"जेवतो."

"कोण कोण?"

"मी आणि बाबा. हू एल्स?" तिने फोनमधून डोकं वर काढलं नाही.

"गरिमा आंटी असतात?"

आता मात्र डोकं वर आलं. नजर एक क्षणभर थांबली, कुठलं उत्तर द्यावं ते शोधल्यासारखी. "व्हाय?"

"सहज."

"नोबडी ला, आई. जस्ट जेवतो." इथल्या पोरांसारखा वाक्याला 'ला' जोडून ती म्हणाली.

पोरगी काहीतरी लपवत होती. मेधाला सगळ्यात जास्त ते लागलं. नवरा काय करतोय ते एकीकडे; पण त्याने मुलीला त्यात घेतलं होतं, तिला गप्प राहायला शिकवलं होतं, आणि ती राहत होती.

आठवडाभर मेधा घरात वजनकाट्यासारखी वावरली. अभय फोनवर हसला की कान तिकडे. तो आंघोळीला गेला की टेबलावरचा फोन दिसायचा. तिने त्याला हात लावला नाही, पण लावला नाही याचीही तिला रोज नोंद ठेवावी लागत होती. हस्तलिखिताविषयी त्याने दोनदा विचारलं.

"झालं का वाचून?"

"चाललंय."

"कशी वाटतेय?" आणि हे विचारताना तो जरा जास्तच आशेने बघतोय असं तिला वाटलं. तारिणी कशी वाटतेय म्हणजे गरिमा कशी वाटतेय, असंच विचारत असेल.

"आहे. चुणचुणीत आहे."

"हो ना!" तो एकदम उजळला, आणि तो उजळलेला चेहरा मेधाला बघवेना.

शनिवारी तिने प्रयोगशाळेत बरं नाही म्हणून सांगितलं. नोकरी लागल्यापासून ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरून ती शाळेच्या फाटकापाशी पोचली तेव्हा वर्ग सुटून थोडा वेळ झाला होता. पोरं पांगली होती. फाटकाशी छत्री मिटत एकटी गरिमाच उभी होती.

"अरे, मेधा जी! आप आज यहाँ?"

सात दिवस जिच्याशी ती मनात भांडत होती ती बाई समोर घामाघूम होऊन मुलाचं विसरलेलं दप्तर खांद्यावर घेऊन उभी होती.

"अभय और मधु..." एवढंच ती म्हणाली.

"वो दोनों तो कब के निकल गए। आपके अभय जी तो क्लास छूटते ही ऐसे भागते हैं जैसे ट्रेन पकड़नी हो। हमसे तो ढंग से नमस्ते भी नहीं करते!" गरिमा मनापासून हसली. "सामने हॉकर सेंटर में देखिए, हर हफ़्ते वहीं बैठते हैं।"

मेधाने तिचे आभार मानले. रस्ता ओलांडताना तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. गरिमा नाही, तर मग कोण? तो घाईने कुणाला भेटायला पळतो?

हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मोठ्या छपराखाली, दुपारची गर्दी होती. वाफ, तळणाचा वास, थाळ्यांचा खणखणाट. एका खांबाआडून तिला ती दोघं दिसली. अभयची पाठ, समोर मधुवंती. टेबलाशी तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलेलं होतं. त्या पाकिटाचा अर्थ या शहरात लहान पोरालाही कळतो: जागा धरलेली आहे, माणूस यायचा आहे.

म्हणजे ती अजून यायची होती. मेधा खांबाला टेकून उभी राहिली. येऊ दे, ती मनात म्हणाली. आज बघूनच जाऊ.

कुणी आलं नाही. मात्र उभं राहिल्या राहिल्या तिला बोलणं ऐकू येऊ लागलं. मधुवंती दोन्ही हात हवेत फेकत बोलत होती. घरी एका शब्दात उत्तर देणारी पोर.

"नो, बाबा, नो! ती एवढ्या लवकर माफ नाही करणार. तो सॉरी बोलला, सो व्हॉट?"

"अगं, राजा आहे तो."

"राजा आहे तर काय? तारिणी इज नॉट लाइक दॅट."

"बरं बाई. मग काय करेल ती?"

मधुवंती विचारात पडली. सकाळी न्हायलेली होती. तिने जाड ओली वेणी पुढे ओढून घेतली आणि मान मोकळी केली. "ती नाव सोडून देईल," ती म्हणाली. "त्याला परत चालत जाऊ दे. चिखलातून." अभय मोठ्याने हसला आणि कागदावर झुकून भराभर लिहू लागला. ती अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी बोलत होती, मध्येच हिंदी शब्द टाकत होती, आणि तो सगळं मराठीत उतरवत होता.

मेधा खांबापासून निघाली, टेबलाशी आली, खुर्चीवरचं पाकीट उचललं आणि बसली.

"कुणाची जागा होती ही?"

"आई!" मधुवंतीचा चेहरा पांढरा पडला.

अभयने लिहिलेल्या कागदावर आधी हात ठेवला, मग तो ओशाळून काढून घेतला. "कुणाची नाही गं. ही ठेवते पाकीट. नाहीतर कुणीतरी अनोळखी येऊन बसतं आणि हिचं बोलणं बंद होतं. तू... कामावर नाही गेलीस?"

"मला वाटलं, तुझ्या पुस्तकात कुणीतरी बाई आहे."

अभयला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो लाल झाला आणि मग, फार चुकीच्या वेळी, त्याला हसू फुटलं. "आहे ना. ही काय, बसलीय."

"हसू नकोस. आठवडाभर मी..." तिने वाक्य सोडून दिलं. मुलीसमोर पुढचं बोलण्यासारखं नव्हतं. "मला का नाही सांगितलंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी अभय म्हणाला, "मधूची अट होती. पुस्तक पूर्ण होईपर्यंत आईला सांगायचं नाही."

"का?"

मधुवंती ग्लासमधला बर्फ नळीने ढवळत होती. "बिकॉज यू विल करेक्ट इट."

"मी काही..."

"तू नाही ओरडत, आय नो. तू फक्त असं करतेस." तिने एक भुवई वर केली. इतकी हुबेहूब, की अभयने दुसरीकडे पाहिलं. "मग मला वाटतं, सगळंच चुकलं. आणि मग मला काही सुचतच नाही."

म्हणजे तुलाधारिणी हिने लिहिली होती. मेधाला एका क्षणी वाटलं की ती दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"महिना पौर्णिमेला संपतो हे तुझंच?" तिने विचारलं. आवाज तिने शक्य तेवढा सपाट ठेवला.

"बघ!" मधुवंती बापाकडे वळली. "आय टोल्ड यू. सुरू झालं."

"काय झालं महिन्याला?" अभयला खरंच माहीत नव्हतं. महिने हे त्याचं खातं कधीच नव्हतं.

"हिंदीच्या पुस्तकात तसंच आहे," मधुवंती हट्टाने म्हणाली. "पूर्णिमा को महीना पूरा। चंद्र फुल झाला, महिना संपला. ऑब्व्हियस आहे."

"पण आपल्याकडे..." मेधा बोलू लागली आणि थांबली. आपल्याकडे म्हणजे कुठे? या पोरीला महिन्यांची नावं कुणी शिकवली होती? घरात भिंतीवर दिनदर्शिका होती, पण तिच्यापाशी उभं राहून मेधाने तिला कधी काही दाखवलं नव्हतं. ते काम शनिवारच्या वर्गाने केलं होतं.

शिवाय चूक तरी कुठे होती? आठवडाभर तिने सगळं तपासलं होतं, फक्त हे एक सोडून. उधाण अमावास्येलाही येतं आणि पौर्णिमेलाही. तारिणीच्या नावेला जेव्हा पाणी हवं होतं तेव्हा पाणी होतं. समुद्र बरोबर होता, चंद्र बरोबर होता. मोजायला सुरुवात कुठून करायची एवढाच फरक. ते तर कुणीही कुठूनही ठरवावं.

"गणित बरोबर आहे," ती म्हणाली.

मधुवंतीने संशयाने पाहिलं. "बट?"

"पहिल्या दोन पुस्तकांत लोक अमावास्येला महिना संपवतात. वाचणारे विचारतील."

"ते दक्षिण किनाऱ्याचे लोक. तारिणी उत्तर किनाऱ्याची आहे. दे आर डिफरंट पीपल."

"हे आत्ता सुचलं ना तुला?" अभय म्हणाला.

"सो?"

मेधाच्या डोक्यात ते सगळं क्षणात उभं राहिलं. दोन किनारे, एकच चंद्र, आणि वद्य पक्षाची दोन नावं. दोघांनी तहासाठी अमुक महिन्यातली वद्य अष्टमी ठरवली तर एका बाजूचे लोक महिनाभर आधी येऊन रिकाम्या वाळूवर उभे राहतील. त्यांना वाटेल, दगा झाला. त्यातून युद्धही पेटेल, आणि खोटं कुणीच बोललेलं नसेल. उरलेल्या अर्ध्या पुस्तकाला पुरेल एवढं ते होतं. अभयला सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे लिहायला घेतलं असतं. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं.

तिने ते गिळलं. गिळायला बराच वेळ लागला.

"मग," ती म्हणाली, "या दोन किनाऱ्यांच्या लोकांनी कधी भेटायचं ठरवलं तर?"

मधुवंतीचं ढवळणं थांबलं. "व्हॉट डू यू मीन?"

"एवढंच विचारतेय."

"इज दिस अ टेस्ट?"

"नाही."

"तुला उत्तर माहितेय."

खोटं बोलावं असं मेधाच्या मनात आलं. पण सकाळी एकदा बोलून झालं होतं. "एक माहितेय," ती म्हणाली. "सांगणार नाही. तुझं वेगळं असेल."

पोरीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, भाजीवाल्याच्या तराजूखाली बोट तर नाही ना असं बघावं तसं. मेधाने चेहरा हलू दिला नाही, विशेषतः कपाळ. अभय पेन हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"ओके," मधुवंती अखेर म्हणाली, अजूनही सावधपणे. "सपोज, दोघं वाळूच्या दांड्यावर भेटायचं म्हणतात..." आणि थांबून तिने आईच्या भुवईकडे पाहिलं. ती जागच्या जागी होती. मग तिने पुढचं वाक्य सांगितलं, आणि पुन्हा पाहिलं.